गाठ पडली की बांधली?

मराठीत गाठ दोन तऱ्हांनी होते. एक आपण मारतो किंवा बांधतो, दुसरी आपोआप पडते. केसांत गाठ पडते, सुतळीचा गुंडा कोपऱ्यात नुसता ठेवून दिला तरी महिन्याभराने त्यात गाठ पडलेली सापडते, आणि वाटेत कुणी अवचित भेटले तर त्याचीही गाठच पडते. 'बांधली' म्हटले की लगेच विचारता येते, कुणी? 'पडली' म्हटल्यावर तो प्रश्न वाक्यात बसतच नाही. शरीरातले एक हाड दुसऱ्या हाडाशी जोडून धरणाऱ्या चिवट पट्ट्यांना, म्हणजे लिगामेंटना, आपल्या पाठ्यपुस्तकांनी 'अस्थिबंध' असे नाव दिले आहे. नाव चांगले आहे, पण त्याने नकळत एक बाजू घेतली आहे. बंध म्हटला की बांधणारा आलाच. ईश्वराच्या अस्तित्वाचा एक फार जुना पुरावा नेमका याच वाटेने चालतो: बांधणी इतकी नेटकी आहे, तर ती करणारा कुणी असलाच पाहिजे. हा पुरावा तपासताना बहुधा ग्रहताऱ्यांची गती किंवा डोळ्याची रचना पुढे केली जाते. मी मात्र खुब्याच्या सांध्यात दडलेला, बोटाच्या दोन पेरांहून लहान असा एक दोर निवडत आहे. कारण साधे आहे. या पुराव्याच्या सर्वांत समर्थ वकिलाने स्वतःच तो निवडला होता.

तो वकील म्हणजे विल्यम पेली, इंग्लंडमधील कार्लाइलचा आर्चडीकन. १८०२ साली त्याचे 'नॅचरल थिऑलॉजी' हे पुस्तक निघाले. माळरानावर सापडलेल्या घड्याळाचा त्यातला दृष्टांत आजही सांगितला जातो. घड्याळ आहे तर घड्याळजी असणारच, तसे जग आहे तर जगाचा कर्ता असणारच. पुस्तकाचा आठवा भाग मात्र फारसा कुणी वाचत नाही, आणि खरी पैज तिथे लावली आहे. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडातल्या खोबणीत बसतो. शाळेत आपण त्याला उखळीचा सांधा म्हणून शिकतो. या गोळ्याच्या माथ्यापासून खोबणीच्या तळापर्यंत एक आखूड दोर गेलेला असतो. पेली म्हणतो की हा दोर इतका बळकट आहे की तो नुसता ताणायलादेखील कल्पनेबाहेरचे बळ लागेल, आणि तरी इतका लवचीक की सांध्याच्या हालचालीत त्याचा अडथळा होत नाही. तो अशा जागी आहे की पाय तुटल्याशिवाय तो कापला जाणे शक्य नाही. संशयखोरातल्या संशयखोराला पटेल असा एकच पुरावा निवडायची मुभा मिळाली असती तर याहून निर्विवाद उदाहरण आपल्याला सुचले नसते, असे तो सांगतो. काटेकोर युक्तिवादाला एक स्वच्छ उदाहरण पुरते, असेही बजावतो. आणि जाता जाता एक वाक्य टाकतो, ज्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. सांध्याच्या हालचालीतून असा दोर निर्माण होणे सर्वांत अशक्य, असे त्याचे म्हणणे. म्हणजे आक्षेप कुठून येईल हे त्याला ठाऊक होते. गाठ बांधलेली आहे, पडलेली नाही, हेच त्याला सिद्ध करायचे होते.

पेलीच्या धंद्यातच हा दोर होता, असेही गमतीने म्हणता येईल. 'लिगामेंट' ज्या लॅटिन धातूतून आला त्याचा अर्थ बांधणे, आणि 'रिलिजन' या शब्दाचे मूळ चौथ्या शतकातल्या लॅक्टॅन्शियसने त्याच धातूत शोधले. देवाशी बांधले जाणे तो धर्म. त्याआधी सिसेरोने ते मूळ पुन्हा पुन्हा वाचण्यात, चाळण्यात पाहिले होते, आणि वाद अजून मिटलेला नाही. आपल्याकडे 'धर्म' धरण्यातून आला. बांधणे, धरणे, जोडणे ही क्रियापदे धर्मविचारात सगळीकडे विखुरलेली आहेत. शरीरातल्या बंधांकडे धर्मशास्त्र्याचे लक्ष जावे यात नवल नाही.

आता त्या दोराची साक्ष तपासू. पेलीच्या पुस्तकानंतर चौतीस वर्षांनी, १८३६ मध्ये, जर्मनीतल्या वेबर बंधूंनी माणसाच्या चालण्याच्या यंत्रणेवर पुस्तक लिहिले. त्यांनी प्रेताच्या खुब्याभोवतीचे स्नायू आणि सांध्याचे आवरणही कापले, तरी पाय खोबणीत टिकून राहिला. मग कमरेच्या हाडातून खोबणीपर्यंत भोक पाडले. हवा आत शिरली आणि गोळा खाली सरकला. सांधा धरून ठेवण्यात हवेच्या दाबाचा मोठा हात होता, आणि तो कुठल्याही दोरीत दिसत नव्हता. १८६९ मध्ये बोस्टनच्या हेन्री बिगेलो या शल्यविशारदाने खुब्याच्या पुढच्या बाजूला असलेल्या, उलट्या वाय अक्षरासारख्या अस्थिबंधाचे महत्त्व दाखवले. शरीरातला सर्वांत बळकट अस्थिबंध म्हणून आज त्याचेच नाव घेतले जाते. आपण ताठ उभे राहतो तेव्हा तो ताणला जातो आणि धड मागे कलंडू देत नाही, म्हणून उभे राहायला स्नायूंना फारसे राबावे लागत नाही. पेलीचा दोर या कामात जवळजवळ कुठेच नाही. २००१ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या शल्यविशारदांनी खुब्याचा सांधा सुरक्षितपणे उघडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात हा दोर सरळ कापतात, गोळा बाहेर काढून दुरुस्ती करतात आणि परत बसवतात. माणूस पुढे चालतो. ओरांगउटान तर हा दोर नसतानाच झाडाझाडांवरून हिंडतो. त्याच्या मांडीच्या गोळ्यावर दोर चिकटण्याचा खळगाही नसतो. पेलीवर अन्याय नको म्हणून हेही सांगितले पाहिजे की लहान मुलांत या दोरातून एक बारीक रक्तवाहिनी गोळ्याकडे जाते, त्यात संवेदना टिपणारे चेतातंतू आहेत, आणि उकिडवे बसण्यासारख्या अवस्थांमध्ये तो सांध्याला थोडा आधार देतो असे अलीकडचे अभ्यास सांगतात. म्हणजे तो निरुपयोगी नाही. पण ज्या कामासाठी त्याला साक्षीला उभे केले होते ते काम मुख्यतः दुसरेच कुणी करत होते.

एवढ्यावर खटला निकालात काढणे मात्र चुकीचे होईल. वकिलाने साक्षीदार चुकीचा निवडला म्हणून त्याची बाजू खोटी ठरत नाही. पेलीच्या वतीने आपणच अधिक चांगला साक्षीदार उभा करू. गुडघ्यात एकमेकांना फुलीसारखे छेदणारे दोन अस्थिबंध आहेत. त्यातला पुढचा साधारण तीन ते साडेतीन सेंटिमीटर लांब, करंगळीहूनही बारीक. तरुण माणसांच्या गुडघ्यांवर केलेल्या मोजणीत तो सुमारे २,१६० न्यूटन बळापर्यंत तुटला नाही, म्हणजे जवळजवळ सव्वादोनशे किलो वजन त्याने पेलले. त्याचे तंतू दोन जुड्यांत विभागलेले आहेत. गुडघा वाकवला की एक जुडी ताणली जाते, सरळ केला की दुसरी. कुठल्याही कोनात पहाऱ्यावर कुणीतरी जागे असतेच. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर हे तंतू सरळ नसून लाटालाटांचे दिसतात. सुरुवातीचा थोडा ताण या लाटा सरळ होण्यात जिरतो, म्हणून हालचाल मऊ वाटते, आणि लाटा संपल्या की तंतू एकदम ताठर होतात. दोरी आधी ढील देते आणि मग पकडते, हे एखाद्या जाणत्या गिर्यारोहकालाही हेवा वाटावा असे आहे. पाठीच्या कण्यातले पिवळे बंध तर वेगळेच. त्यांच्यात रबरासारखे लवचीक प्रथिन सुमारे ऐंशी टक्के. आपण वाकलो की ते ताणतात, उभे राहिलो की आखडतात. ते सैल पडून त्यांच्या घड्या पडल्या असत्या तर मागून मज्जारज्जूवर दाब आला असता. हे सगळे वाचून 'कुणीतरी विचारपूर्वक केले आहे' असे मनात न येणारा माणूस विरळा. प्रश्न एवढाच की हे मनात येणे आणि ते सिद्ध होणे यांत किती अंतर आहे.

पेलीने स्वतःच कसोटी देऊन ठेवली आहे: हालचालीतून बंध निर्माण होऊ शकतो का? १८०२ मध्ये हे तपासायचे साधन नव्हते, आता आहे. १९६६ मध्ये संशोधकांनी अंड्यातल्या कोंबडीच्या पिलांना औषध देऊन निश्चल केले. त्या पिलांच्या हाडांमध्ये सांध्याची पोकळी नीट झालीच नाही, सांधे जुळून बसले. पिलू अंड्यात पाय झाडते म्हणून त्याच्या पायाला सांधा मिळतो. १९७० च्या दशकात माकडांचे पाय आठ आठवडे बांधून स्थिर ठेवले, तेव्हा त्यांच्या गुडघ्यातल्या या पुढच्या अस्थिबंधाचे बळ सुमारे ३९ टक्क्यांनी घटले, आणि मोकळे केल्यावर वर्षभरानेही ते पूर्ण भरून आले नाही. प्लास्टर निघाल्यावर पायात जोर का राहत नाही, याचे उत्तर मुख्यतः स्नायूंत आहे, पण थोडे इथेही. अस्थिबंध म्हणजे एकदा वळून गाठ मारलेला सुंभ नव्हे. त्याच्या पेशी ताण ओळखतात आणि त्या दिशेने तंतू रचत राहतात. राबवला तर तो जाड होतो, ठेवून दिला तर झिजतो.

आणि वैयक्तिक आयुष्याच्या मागे वंशाचा इतिहास उभा आहे. १८८७ साली लंडनचे शल्यविशारद जॉन ब्लंड-सटन यांनी अस्थिबंधांवरच एक पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे होते की पुष्कळ अस्थिबंध हे एके काळचे स्नायू किंवा स्नायूंच्या टोकाच्या दोऱ्या आहेत. काम बदलले, मांसल भाग मागे हटला, चिवट दोरी उरली. त्यांचे सगळेच निष्कर्ष टिकले नाहीत, पण त्रिकास्थीपासून बसण्याच्या हाडापर्यंत जाणारा रुंद बंध मांडीच्या मागच्या स्नायूचा जुना वरचा भाग आहे, हे आजही शरीररचनेच्या पुस्तकांत शिकवले जाते, आणि काही माणसांत दोघांचे तंतू अजून सलग सापडतात. यकृताखालच्या गोल बंधाची कथा अधिक बोलकी आहे. तो हाडे बांधत नाही, पण नाव बंधाचेच. गर्भात असताना वारेतून शुद्ध झालेले रक्त ज्या शिरेने बाळाकडे येते, ती शीर जन्मानंतर बंद होते, सुकते, आणि तिचाच हा दोर होतो. तिथे दोर हवा म्हणून तो झालेला नाही. वाहणे संपले आणि वाट दोरीसारखी उरली. मराठीतले क्रियापद इथे चपखल बसते: ही गाठ पडली.

इथे एक वैद्य आठवतो, ज्याने पेलीच्या पुष्कळ आधी अगदी याच विषयावर उपमा वापरली होती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पाचव्या अध्यायात स्नायूंची संख्या ९०० दिली आहे: हातापायांत ६००, धडात २३०, मानेत आणि तिच्यावर ७०. तिथला स्नायू म्हणजे आजच्या मराठीतला मांसल स्नायू नव्हे. त्यात अस्थिबंध आणि कंडरांसारखे सगळे चिवट दोर येतात. या शब्दाने मोठा प्रवास केला आहे. मराठीत तो मांसावर जाऊन बसला, बंगालीत मज्जातंतूवर. ग्रीकांच्या 'न्यूरॉन'चेही हेच झाले. आधी तो कंडरेचा, धनुष्याच्या दोरीचा शब्द होता, मग मज्जातंतूचा झाला. शरीरात पांढरे आणि दोरीसारखे जे जे दिसते ते एकाच नावाने ओळखावे असे जुन्या माणसांना वाटले, आणि पुढे प्रत्येक भाषेने आपापला वाटा उचलला. सुश्रुत सांगतो की फळ्यांची नाव पुष्कळ बंधांनी जखडली म्हणजे पाण्यावर भार वाहू शकते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे माणूस भार सहन करतो. नाव खिळ्यांची नाही, दोरांनी शिवलेली. अशी होडी कशी असते हे पाहायचे असेल तर अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेली, काथ्याने फळ्या शिवलेली 'कौंडिण्य' ही नौका आहे. २०२५ साली ती भारतीय नौदलात दाखल झाली. खिळ्यांचे लाकूड लाटेला ताठ सामोरे जाते. शिवलेल्या फळ्या लाटेबरोबर थोड्या हलतात. सांध्याला उपमा द्यायची तर याहून नेमकी सापडणे कठीण. सुश्रुत प्रेत सात रात्री वाहत्या पाण्यात कुजवून, कुंचल्याने थर खरवडून शरीर पाहायला सांगतो. तेव्हा ही उपमा आसनावर बसून सुचलेली नसावी.

पण या उपमेनंतर तो काय करत नाही, हे माझ्या मते अधिक महत्त्वाचे. नाव आहे तर सुतार कुठे, असे तो विचारत नाही. त्याने नावेकडून एकच गोष्ट उसनी घेतली: भार कसा वाटला जातो. ती घेतल्यावर नाव त्याने परत केली. पेलीने घड्याळाकडून आणि दोराकडून जे उसने घेतले त्यात घड्याळजी आणि दोरवळ्याही आले, आणि मग तो म्हणाला, पाहा, इथे कर्ता सापडला. कर्ता उपमेबरोबर आत आला होता. शरीरात तो सापडला नव्हता. उपमा समजावण्यासाठी वापरणे आणि उपमा सिद्धतेसाठी वापरणे यांतला हा फरक आपल्या न्यायशास्त्राला उत्तम ठाऊक होता. दृष्टांत हा अनुमानाचा एक अवयव आहे, पण त्याच्या मागे व्याप्ती लागते: जिथे जिथे हे, तिथे तिथे ते. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी दहाव्या शतकाच्या आसपास 'न्यायकुसुमांजली'त ईश्वराची जी अनुमाने मांडली, त्यात पहिले कार्यावरून कर्त्याचे आहे, घट आणि कुंभाराचे. आणखी एक आहे धृतीवरून: उडणाऱ्या पक्ष्याचे शरीर त्याच्या प्रयत्नामुळे वर राहते, तसे विश्व कोसळत नाही यामागे कुणाचा तरी प्रयत्न असला पाहिजे. पेलीला हे वाचायला मिळाले असते तर तो हरखला असता. धरून ठेवलेले आहे, तर धरणारा आहे.

त्याचे उत्तर मात्र उदयनांच्या आधीच दिले गेले होते. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तींनी 'प्रमाणवार्तिका'त वारूळ पुढे केले. मडके मातीचे आणि घडीव, वारूळही मातीचे आणि घडीव. मग वारूळही कुंभाराने केले म्हणायचे का? मडक्याबद्दल कुंभाराचे अनुमान बरोबर ठरते, कारण कुंभारांना मडकी करताना आपण पाहिले आहे. नुसत्या आकाराच्या सारखेपणावरून ते बरोबर ठरत नाही. 'रचना' हा एकच शब्द दोन्हीकडे लावता येतो म्हणून दोन्हीचे कारण एक होत नाही. अस्थिबंध दिसायला दोर आहे. पण दोर वळणारा पाहिला तो काथ्याच्या दोरापाशी; गुडघ्यातला दोर ताणाअभावी दुबळा होताना आता प्रयोगशाळेत पाहिला आहे. व्याप्ती जिथून आणायची तिथूनच ती आज दुसरीकडे बोट दाखवते.

जहाजाच्या उपमेचा एक युरोपीय धागाही आहे. डेव्हिड ह्यूमचे 'डायलॉग्ज' त्याच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये निघाले, पेलीच्या पुस्तकाच्या तेवीस वर्षे आधी. त्यातले एक पात्र म्हणते की जहाज पाहून सुताराच्या बुद्धीचे कौतुक वाटते, पण तो सुतार मठ्ठही असू शकतो. त्याने दुसऱ्यांची नक्कल केलेली असते, आणि ती कला अनेक पिढ्यांच्या चुका, दुरुस्त्या आणि वादांतून हळूहळू घडलेली असते. जहाजावरून कर्ता मानायचाच तर एक सर्वज्ञ का, पिढ्यान्‌पिढ्या चाचपडणारे शेकडो का नकोत? यात ह्यूमला उत्क्रांतीची कल्पना होती असे म्हणणे ओढाताणीचे होईल. पण केंब्रिजमध्ये पेली आवडीने वाचणाऱ्या डार्विनने १८५९ मध्ये जे मांडले ते या चाचपडण्याच्या चित्राशी चांगले जुळते. फक्त चाचपडणारे हातही काढून टाकले.

यावर पेलीच्या बाजूचा जाणता माणूस म्हणेल: तुम्ही चमत्कार मोठा केलात आणि पुरावा लहान झाला म्हणता? दोर वळणाऱ्याचे कौशल्य कौतुकाचे असेल, तर स्वतःला वळून घेणारा, ताण येईल तिथे जाड होणारा दोर तयार करणाऱ्याचे कौशल्य किती मोठे! पेलीने हे स्वतः सुचवून ठेवले आहे. घड्याळ दुसरी घड्याळे तयार करत असेल तर घड्याळजी अधिकच थोर ठरतो, असे तो दुसऱ्या भागात म्हणतो. हा आक्षेप माझ्या मते सर्वांत वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर त्याच्याच पोटात आहे. अनुमानाचे सगळे बळ सारखेपणातून आले होते: आपण दोर करतो, हाही दोर, म्हणून हाही कुणी केला. दोर जितका अद्‌भुत होत जातो तितका तो आपल्या दोरांसारखा राहत नाही. कुठल्याही दोरवळ्याने आजवर स्वतः वाढणारा सुंभ वळलेला नाही. मग ज्या अनुभवावर 'दोर म्हणजे दोरवळ्या' हा नियम उभा होता तो अनुभव इथे लागूच होत नाही. कौतुक वाढते, आणि त्याच मापाने साधर्म्य घटते. दोन्ही एकाच वेळी खिशात घालता येत नाहीत.

दुसरा आक्षेप सौम्य आहे आणि आज अधिक लोकप्रिय. ईश्वराने प्रत्येक बंध हाताने बांधला असे कोण म्हणते? त्याने नियम केले, आणि नियमांनी बंध झाले. असे मानायला कुणाचीच हरकत नसावी, माझीही नाही. फक्त एवढे ध्यानात घ्यावे की आता अस्थिबंध साक्षीदार राहिलेला नाही. खुब्यातला दोर बळकट निघाला तरी नियमांनी केला, बिनमहत्त्वाचा निघाला तरी नियमांनी केला, ओरांगउटानात नसला तरीही. जो साक्षीदार खटल्यात काहीही घडले तरी एकच जबाब देतो, त्याला न्यायाधीश उभा करत नाही. मत टिकते, पुरावा जातो. लोक नेमका हा फरक विसरतात आणि मग एखाद्या नव्या शोधाने श्रद्धा वाढली किंवा खचली असे समजतात.

तिसरा आक्षेप नैयायिकांच्या वळणाचा आहे आणि तो माझ्या बाजूवर पडतो. सुश्रुताने एका ठिकाणी सांगितले आहे की अंगप्रत्यंगांची निर्मिती स्वभावानेच होते. स्वभाव म्हणजे काय? 'तसे होते म्हणून तसे होते' एवढेच ना? हे उत्तर आहे की उत्तर टाळणे? उदयनांनी अकारण, अकस्मात घडण्याच्या मताचा समाचार घेतला तो याचसाठी, आणि तो रास्त होता. 'गाठ पडली' एवढे म्हणून थांबणारा आळशी असतो. सुतळीत गाठ का पडते यालाही कारणे आहेत. दोरीची लांबी, तिची लवचीकता, हलवण्याची पद्धत. पण 'पडली' म्हणणे म्हणजे कारण नाकारणे नव्हे, हेतू नाकारणे. सुश्रुताचा 'स्वभाव' रिकामी पेटी होती हे मान्य. कोंबडीच्या पिलांनी आणि माकडांनी, अनिच्छेने का होईना, ती थोडी भरली आहे. अजून बरीच रिकामी आहे. तंतूंच्या लाटा नेमक्या कशा ठरतात, हे विचारले तर अभ्यासक अर्ध्या तासात खांदे उडवील. पण रिकाम्या जागेत कर्त्याला बसवले की ती जागा भरते कुठे? तिच्यावर फक्त झाकण बसते.

आता समोरच्या कळपाकडेही थोडे पाहिले पाहिजे. निरीश्वरवादी लेखकांचा आवडता युक्तिवाद म्हणजे वाईट रचना. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटला तर बहुधा आपोआप जुळतो. सांध्याच्या मधोमध असलेला पुढचा फुलीबंध पूर्ण तुटला तर सहसा जुळत नाही, कारण तो सांध्यातल्या द्रवात बुडालेला असतो आणि जखम सांधणारी रक्ताची गुठळी तिथे टिकत नाही. कबड्डी आणि फुटबॉल खेळणाऱ्यांना हे विचारावे. सर्वज्ञ कारागिराने सर्वांत गरजेचा दोर असा दुरुस्त न होणारा का ठेवला, असे हे लेखक विचारतात. हा सवाल ऐकायला झणझणीत आहे, पण तोही पेलीच्याच दुकानातला माल आहे. दोष म्हणायला आधी हेतू ठरवावा लागतो. दोराचे काम कशासाठी होते हे कारागिराच्या मनात शिरून ठरवायचे आणि मग त्याला नापास करायचे, यात कारागीर मानलेलाच असतो. पेली त्याला पैकीच्या पैकी देतो, हे त्याला शून्य देतात. प्रश्नपत्रिका दोघांचीही एकच. रचनेत हेतू वाचायचाच नसेल तर चांगला हेतूही वाचता येत नाही आणि वाईटही.

मग श्रद्धावंताने काय करावे? त्याला या खटल्यात यायचीच गरज नव्हती असे म्हणणारे आस्तिक आपल्याकडे होते, आणि ते काही लहान नव्हते. रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या सूत्रावर लिहिताना घट-कुंभाराच्या अनुमानाची चिरफाड केली आहे. अनुमान खरे धरले तर कर्ता शरीरधारी, मर्यादित, कदाचित अनेक निघेल. ज्याला आपण भजतो तो त्यातून निघणार नाही. ईश्वर शास्त्रातून कळतो, तर्काने नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष. शास्त्रप्रामाण्य न मानणाऱ्याला हा निष्कर्ष पटणार नाही, मलाही त्याचा दुसरा भाग तसाच्या तसा घेता येत नाही. पण पहिल्या भागातले शहाणपण मोठे आहे: भक्ताने आपला देव कुंभाराच्या मापाने मोजून घेऊ नये. पेलीने त्याला घड्याळजीच्या मापाने मोजला, आणि घड्याळशास्त्र बदलल्याबरोबर देवावर संकट आले. रामानुजांचा देव खुब्यातल्या दोरावर टांगलेला नव्हता, म्हणून तो दोर कापला गेल्याने त्याचे काहीच बिघडत नाही.

सुश्रुताकडे परत जायचे तर नावेच्या उपमेनंतर तो काय लिहितो ते पाहावे. हाडे, मांसपेशी, शिरा किंवा सांधे बिघडल्याने माणसाची जेवढी हानी होते त्याहून स्नायू बिघडल्याने अधिक होते, असे तो आधी सांगतो. घोटा मुरगळून महिनोन्‌महिने लंगडणाऱ्याला हे पटवावे लागत नाही. मग पुढच्या श्लोकात तो वैद्याकडे वळतो. बाहेरचे आणि आतले स्नायू ज्याला नीट माहीत आहेत, तोच देहात खोल रुतलेले शल्य काढू शकतो.